प्लूटो वाकडा का फिरतो, हे पण छापा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

प्लूटोची बातमी आली की मी पेपर आधी तिथेच उघडते. इतकी वर्षं वाचतेय, निमित्त काहीही असो, बातमी शेवटी एकाच जागी येऊन थांबते, की २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमधे शास्त्रज्ञांनी मतदान केलं आणि प्लूटोचं ग्रहपद गेलं, बिचारा प्लूटो. मुलंही तेवढंच पाठ करतात. मला त्या मतदानाचं काही वाईट वाटत नाही, ग्रह म्हणा नाहीतर बटुग्रह म्हणा, प्लूटोला त्याने काही फरक पडत नाही. वाईट याचं वाटतं की तो फिरतो कसा आणि तसाच का फिरतो ही गोष्ट त्या मतदानापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती मराठीत माझ्या वाचनात फार क्वचित आली. आणि त्या गोष्टीच्या अगदी मधोमध आपल्या देशात शिकलेली एक बाई उभी आहे, तिचं नाव आपल्या मुलींना माहीत नाही. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, पण कृपया सगळं वाचा.

मी तीसेक वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. १९९६ साली आठवीच्या वर्गात फळ्यावर सूर्यमाला काढली होती, तेव्हा नऊ ग्रह होते, आठ गोल गोल रेघा आणि नववी लांबट, एका बाजूला नेपच्यूनच्या रेघेच्या आत शिरलेली. पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, बाई, या दोघांच्या रेघा एकमेकींना कापतात मग ते कधीतरी धडकणार नाहीत का, आणि बाकी सगळे एका पातळीत फिरतात तर हा एकटाच वाकडा का? मी तिला सांगितलं की प्लूटो हा नेपच्यूनचा निसटलेला चंद्र असावा म्हणून त्याची कक्षा अशी विचित्र आहे. मी स्वतः तसंच शिकले होते. ती खाली बसली पण तिचं समाधान झालेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं.

ती निसटलेल्या चंद्राची कल्पना लिटलटन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३६ साली मांडली होती, म्हणजे मी मुलांना ६० वर्षं जुनं सांगत होते. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर १९९३ साली छापून आलं होतं. वर्गात तिने हात वर केला त्याच्या तीन वर्षं आधी. आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचलं नाही, मी ते वाचलं रिटायर झाल्यावर, मुलाच्या कॉम्प्युटरवर, आणि त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही.

आता मुद्द्यावर येते. पृथ्वी सूर्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटर लांब आहे, त्या अंतराला आपण एक माप म्हणू, म्हणजे आकडे सोपे होतील. नेपच्यून ३० मापांवर जवळजवळ गोल फिरतो, एका फेरीला १६५ वर्षं. प्लूटो कधी ३० च्या थोडं आत येतो तर कधी ४९ मापांपर्यंत लांब जातो, एका फेरीला २४८ वर्षं, आणि त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी १७ अंश कललेली आहे. १९७९ ते १९९९ ही २० वर्षं प्लूटो खरोखरच नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता, म्हणजे मी फळ्यावर ते चित्र काढत होते तेव्हा वर आकाशात अगदी तसंच चाललं होतं.

धडकत का नाहीत याचं उत्तर तर अजून आधीचं, १९६५ सालचं. अमेरिकेत कोहेन आणि हबर्ड या दोघांनी त्या काळच्या कॉम्प्युटरवर प्लूटोची १ लाख २० हजार वर्षांची वाटचाल मोजून काढली आणि त्यांना दिसलं की नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्यात प्लूटोच्या बरोब्बर दोन होतात. तीनदा १६५ म्हणजे ४९५, दोनदा २४८ म्हणजे ४९६, तोंडी हिशोब करून बघा. त्यामुळे दर पाचेकशे वर्षांनी नेपच्यून प्लूटोला गाठून पुढे जातो तेव्हा प्लूटो नेमका त्याच्या कक्षेच्या लांबच्या टोकाजवळ असतो, आणि प्लूटो जवळ येतो तेव्हा नेपच्यून तिथे नसतो, बाजूला खूप दूर असतो. ठेका थोडा इकडे तिकडे होतो, पण साधारण २० हजार वर्षांच्या झोक्यात परत जागेवर येतो, सुटत नाही. वर पुन्हा तो कल आहेच, सूर्याच्या सगळ्यात जवळ असताना प्लूटो ग्रहांच्या पातळीच्या आठेक मापं वर असतो. त्यामुळे दोघांमधे १७ मापांपेक्षा कमी अंतर कधी होतच नाही. उलट प्लूटो युरेनसच्या जास्त जवळ जाऊ शकतो, ११ मापांपर्यंत. हे मला कळलं तेव्हा मी फळ्यावर काढलेली ती कापणारी रेघ डोळ्यासमोर आली. वरून बघितलं तर रेघा कापतात, बाजूने बघितलं तर कापतच नाहीत.

पण हा ठेका जुळला कसा, हा खरा प्रश्न. आपोआप असा तीनास दोन ठेका जमणं, त्यात कक्षा इतकी लांबट असणं, इतकी कललेली असणं, हे सगळं एकाच दगडाच्या वाट्याला योगायोगाने येईल हे पटत नाही. इथे रेणू मल्होत्रा येतात. आयआयटी दिल्लीतून फिजिक्स, मग अमेरिकेत कॉर्नेलला पीएचडी, आणि १९९३ साली नेचर मासिकात त्यांनी लिहिलं की प्लूटो वाकडा जन्मला नाही, तो साध्या गोल कक्षेत ३३ मापांच्या आसपास फिरत होता, जागेवरून हलला तो नेपच्यून. नेपच्यून आधी आत होता, हळूहळू बाहेर सरकत आला आणि येताना प्लूटोला ठेक्यात पकडून पुढे घेऊन आला.

ग्रह जागेवरून सरकतो म्हणजे काय, हे मला पण आधी पटेना. त्याची कल्पना त्याच्याही आधी १९८४ साली फर्नांडेझ आणि इप या दोघांनी मांडली होती. ज्यांनी लहानपणी जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवलीये त्यांना हे चटकन कळेल. गोफणीतून दगड सुटतो तेव्हा हाताला उलटा धक्का बसतो, बारीक का असेना. सूर्यमाला नवीन होती तेव्हा नेपच्यूनच्या बाहेर बर्फाचे आणि खडकाचे असंख्य तुकडे पसरलेले होते, सगळे मिळून १५-२० पृथ्वींच्या वजनाचे असावेत असा अंदाज आहे. नेपच्यूनच्या जवळून एखादा तुकडा गेला की नेपच्यूनचं गुरुत्वाकर्षण त्याला भिरकावणार, कधी आत सूर्याकडे, कधी बाहेर. आत भिरकावला की नेपच्यून स्वतः केसभर बाहेर सरकतो, बाहेर भिरकावला की केसभर आत. मग हे दोन्ही सारखंच होऊन फिट्टंफाट व्हायला पाहिजे ना? नाही होत, कारण आत गेलेला तुकडा युरेनसच्या हाती लागतो, मग शनीच्या, मग गुरूच्या, आणि गुरूची गोफण एवढी जबरदस्त आहे की तो तुकडा सूर्यमालेच्या पार बाहेर जातो, परत येत नाही. बाहेर भिरकावलेले मात्र बरेचसे फिरून परत नेपच्यूनकडे येतात आणि कधीतरी तेही आत जातात. असं लाखो करोडो वेळा झालं की हिशोब एका बाजूला झुकतो. नेपच्यून, युरेनस, शनी बाहेर सरकले आणि सगळ्यांचा भार उचलणारा गुरू थोडासा आत. किती थोडासा, तर मल्होत्रांच्या हिशोबात पाव माप पण नाही, आणि नेपच्यून मात्र काही मापं. वजनाचा फरक हो, दुसरं काय.

आता नेपच्यून बाहेर येतोय म्हणजे त्याच्यासोबत त्याची ती तीनास दोनची जागा, म्हणजे ज्या अंतरावर तो ठेका जमतो ती, पण बाहेर सरकतेय. खळ्यात धान्य पसरलेलं असतं आणि आपण दाताळं ओढत नेतो तेव्हा काही दाणे दातांत अडकून पुढे येतात, तसे काही तुकडे त्या जागेत अडकले आणि नेपच्यूनबरोबर बाहेर सरकत गेले, त्यातला एक प्लूटो. आणि अडकल्यावर काय झालं ते समजायला नागपंचमीचा झोका आठवा. झोका मागे येऊन क्षणभर थांबतो नेमका तेव्हाच हात लावला की तो वाढत जातो, भलत्या वेळी ढकलला तर वाढत नाही उलट अडखळतो. नेपच्यूनचा धक्का ठेक्यातच बसत होता, त्यामुळे प्लूटोची कक्षा लांबट, अजून लांबट होत गेली. आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की झोका किती उंच गेलाय ते बघून आपल्याला सांगता येतं किती ढकललाय, तसं प्लूटोची कक्षा आज जेवढी लांबट आहे त्यावरून मल्होत्रांनी हिशोब काढला की नेपच्यून निदान पाच मापं तरी बाहेर सरकला असला पाहिजे. म्हणजे जवळजवळ ७५ कोटी किलोमीटर. एवढ्या प्रचंड ग्रहाच्या प्रवासाची नोंद आपल्या चंद्रापेक्षा लहान असलेल्या प्लूटोच्या कक्षेत राहून गेली होती आणि एका बाईने ती वाचली. दुर्बीण नाही, यान नाही, कागद आणि कॉम्प्युटर.

नुसतं झालेल्याचं कारण सांगून त्या थांबल्या नाहीत. असं झालं असेल तर प्लूटो एकटा नसणार, त्याच तीनास दोनच्या ठेक्यात अजून बरेच तुकडे सापडले पाहिजेत, हे त्या हिशोबातून आपोआपच निघत होतं. त्या काळात तिकडचे तुकडे जेमतेम सापडायला लागले होते. ऑगस्ट १९९२ मधे हवाईच्या मौना केआ डोंगरावरून डेव्हिड ज्युइट आणि जेन लू या दोघांना प्लूटोनंतर पहिला तसा तुकडा दिसला, पाच वर्षं शोधत होते दोघं, त्याला नुसता नंबर होता, आता त्याचं नाव अल्बियन आहे. मग एकामागून एक सापडत गेले आणि त्यात प्लूटोच्याच ठेक्यातले इतके निघाले की त्यांना प्लुटिनो असं नावच पडलं. ओर्कस त्यातलाच, त्याची फेरी पण जवळपास प्लूटोएवढीच, कक्षेचा कल पण बराचसा तसाच, फक्त प्लूटो सूर्याच्या जवळ येतो तेव्हा हा लांब असतो. नेपच्यूनच्या दोन फेऱ्यांत एक फेरी मारणारे पण सापडले, ४८ मापांच्या आसपास. आता या सगळ्या पट्ट्याला कायपर पट्टा म्हणतात आणि नेपच्यूनच्या पलीकडे ३ हजारांच्या वर तुकडे माहीत झालेत.

लिहिता लिहिता एक राहिलंच. त्या पट्ट्यात सगळेच वाकडे नाहीत. ४२ ते ४७ मापांच्या मधे एक गट असा आहे की जो अगदी शांत, सपाट, जवळजवळ गोल फिरतो, अल्बियन त्यातलाच. या गटात जोड्या फार, दोन तुकडे एकमेकांभोवती लांबून फिरणारे, इतक्या सैल धरलेल्या जोड्या की नेपच्यूनने त्यांना एकदा जरी जवळून भिरकावलं असतं तर त्यातल्या कितीतरी तुटल्या असत्या. त्या टिकून आहेत म्हणजे हा गट तिथेच जन्मला आणि तिथेच राहिला, नेपच्यूनचं दाताळं तिथपर्यंत जोरात पोचलंच नाही. १ जानेवारी २०१९ ला न्यू होरायझन्स यान यातल्याच एकाजवळून गेलं, अ‍ॅरोकॉथ, ३५-३६ किलोमीटर लांब, दोन गोळे एकमेकांना चिकटलेले, आणि चिकटताना कुठे चेपलेत, फुटलेत असं काही नाही, माणूस चालतो तेवढ्या सावकाश येऊन टेकले असावेत. साडेचार अब्ज वर्षं तसेच आहेत. मी तो फोटो मोठा प्रिंट काढून घरात लावलाय, दिवाळीला येणारे विचारतात ही भाकरी कसली म्हणून, मग मी अर्धा तास सांगत बसते.

मल्होत्रांनंतर गोष्ट खूप पुढे गेली. २००५ साली फ्रान्सच्या नीस शहरात काम करणाऱ्या मंडळींनी, ब्राझील अमेरिका इटली ग्रीस असे सगळीकडचे होते, मांडलं की चारही मोठे ग्रह सुरवातीला आजच्यापेक्षा फार जवळ जवळ दाटीने होते आणि मग एका टप्प्यावर त्यांची घडी विस्कटली. पुढे नेस्वर्नी यांनी २०११ मधे असंही दाखवलं की सुरवातीला अजून एक पाचवा मोठा ग्रह होता आणि तो बाहेर फेकला गेला असं धरलं तर आजची मांडणी जास्त सहज जमते. यातलं किती टिकेल यावर अजून वाद चालू आहेत. पण ग्रह आपल्या जागेवरून हलले हे आता जवळजवळ सगळेच धरून चालतात, आणि त्याचा पहिला ठोस पुरावा प्लूटोचा वाकडेपणा होता. त्या १५-२० पृथ्वींच्या वजनातलं आज पट्ट्यात पृथ्वीचे काही शतांश भाग एवढंच उरलंय, बाकी सगळं भिरकावलं गेलं. एरिस, जवळजवळ प्लूटोएवढाच दुसरा तुकडा, ज्याच्यामुळे २००६ चं ते मतदान झालं, तो पण भिरकावलेल्यातलाच, ४४ अंश कललेला, ३८ पासून ९७ मापांपर्यंत जातो.

आता तुमच्या पेपरबद्दलच एक तक्रार, राग मानू नका. अधूनमधून हेडलाइन येते, नववा ग्रह सापडला. नाही सापडलेला. २००३ साली सेडना नावाचा तुकडा सापडला जो ७६ मापांच्या आत कधी येतच नाही आणि एका फेरीला ११ हजारांच्या आसपास वर्षं घेतो. नेपच्यूनचा हात तिथपर्यंत पोचत नाही, मग त्याला तिकडे कोणी ओढलं हा प्रश्न आहे. सूर्य तरुण असताना ताऱ्यांच्या घोळक्यात होता आणि एखादा तारा जवळून गेला असेल, हे एक उत्तर. दुसरं उत्तर बॅटिगिन आणि ब्राउन यांनी २०१६ मधे दिलं, अशा लांबच्या तुकड्यांच्या कक्षा एकाच दिशेला झुकलेल्या दिसतात म्हणजे पृथ्वीच्या कित्येक पट वजनाचा एक ग्रह खूप दूर असावा. पण दुसऱ्या लोकांचं म्हणणं असं की आपण आकाशाचा जेवढा भाग बघितला तिथेच तुकडे सापडणार, त्यामुळे तो झुकाव नुसता भास पण असू शकतो, आणि २०२५ मधे जाहीर झालेले दोन नवीन तुकडे त्या झुकावात नीट बसत नाहीत. चिलीतल्या पाचोन डोंगरावर व्हेरा रूबिन वेधशाळा आता सुरू झालीये, आरसा ८.४ मीटरचा, जून २०२५ मधे तिचे पहिले फोटो आले, ती वर्षानुवर्षं तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपत राहणार, आजच्या कितीतरी पट तुकडे सापडतील आणि मग कळेल. तोपर्यंत हेडलाइनमधे सापडला ऐवजी असावा का एवढं जरी लिहिलंत तरी मुलांना शोध कसा चालतो ते कळेल, आणि ते नुसत्या ग्रहाच्या बातमीपेक्षा जास्त मोलाचं आहे.

रेणू मल्होत्रा आज अ‍ॅरिझोना विद्यापीठात प्राध्यापक आहेत, ६६९८ नंबरच्या लघुग्रहाला त्यांचं नाव दिलंय. मी आसपासच्या दहावीच्या मुलामुलींना विचारून बघते, एकालाही हे नाव माहीत नसतं, प्लूटोचं ग्रहपद गेलं हे मात्र प्रत्येकाला माहीत असतं.

म्हणून माझी विनंती अशी की पुढच्या वेळी प्लूटोची बातमी छापाल तेव्हा सोबत एक चित्र छापा. वरून बघितलेलं नेहमीचं नको. बाजूने बघितलेलं हवं, नेपच्यूनची रेघ आडवी आणि प्लूटोची १७ अंश कललेली, म्हणजे जिथे वरून कापल्यासारखं दिसतं तिथे त्या एकमेकींपासून किती वर खाली आहेत ते दिसेल. आणि शेजारी नेपच्यूनची जुनी कक्षा तुटक रेघेने दाखवा, २५ मापांवर, तिथून आजच्या ३० मापांपर्यंत एक बाण, आणि बाणाखाली लिहा, रेणू मल्होत्रा, १९९३. पहिल्या बाकावरची ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल, तिची पोरं शाळेत जात असतील, आणि घरी पेपर येत असेल तर तिला ते चित्र बघून कळेल की बाईंनी तेव्हा चुकीचं सांगितलं होतं.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
जिल्हा सातारा